तिसऱ्या मजल्यावरची गुप्त बॅच

तिसऱ्या मजल्यावर काहीतरी शिजतंय, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं, आणि त्याचं श्रेय मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही. पुढं जे झालं त्याचं खापर मात्र सगळ्यांनी मिळून माझ्या डोक्यावर फोडलं. असो. लातूरमध्ये राहायचं म्हटलं की मन मोठं ठेवावं लागतं.

मी शेषेराव, सहकार खात्यात लेखापरीक्षक. संशय घेणं हा माझा स्वभाव नाही, नोकरी आहे. समोरचा माणूस "सगळं व्यवस्थित हाय साहेब" म्हणाला की माझे कान टवकारतात. जन्मभर हेच केल्यावर घरी भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं माप आणि साडूचा नमस्कार यांच्यावरही नजर राहते, त्याला माझा इलाज नाही. गोदावरी, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "तुम्ही तर आरतीचं ताटसुद्धा पालथं करून बघाल." हे साफ खोटं आहे. एकदाच बघितलं होतं.

तर तिसरा मजला. तिथं एक नवीन भाडेकरू आले होते. दारावर पाटी, 'शांतवन सर, सेवानिवृत्त शिक्षक, किनवट'. एकटा जीव, पांढरा शर्ट, बोलणं हळू. नाव जरा वेगळं वाटलं, पण किनवट म्हणजे जंगलाकडचा मुलूख, तिकडं असतील अशी नावं, असं म्हणून मी सोडून दिलं. ऑडिटमध्ये माणूस जिथं सोडून देतो तिथंच नेमकी गोम असते, हे मला ठाऊक आहे. तरी सोडून दिलं.

मग दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडं माणसं यायला लागली. सात-आठ जण, काही तरुण, काही पोक्त. प्रत्येकाच्या हातात एक जाडजूड पुस्तक, काळं कव्हर, मधून रेशमी फीत लोंबतेय. सोबत वही आणि रंगीत पेनं. आत गेले की दार बंद. बोर्ड नाही, जाहिरात नाही, आरडाओरडा नाही. आणि एके दिवशी ऑटोतून चक्क पांढरा फळा आला.

बाहेरगावच्या वाचकाला वाटेल, यात काय एवढं? मी त्या वाचकाला दोष देत नाही. पण आमच्या गावात चार माणसं पुस्तकं घेऊन एका खोलीत शिरली आणि आतून कडी लागली तर त्याचा अर्थ एकच होतो, बॅच. इथं गावाचा एक अख्खा भाग ट्यूशन एरिया म्हणून ओळखला जातो. तिथला रिक्षावाला पत्ता विचारत नाही, सर कोण ते विचारतो. निकाल लागला की पोरांच्या फोटोंचे फ्लेक्स लग्नाच्या फ्लेक्सपेक्षा मोठे होतात. आणि जाणकारांचं मत असं आहे की ज्या क्लासचा फ्लेक्स लागला तो सगळ्यांना कळला, म्हणजे त्याच्यात राम राहिला नाही. खरी बॅच ती, जिला पाटीच नसते.

आता माझी गरज सांगतो. आमची शिवांगी रिपीटर. बारावी झाली, डॉक्टरकीची नीट परीक्षा दिली, मार्क कमी पडले, म्हणून पुन्हा एक वर्ष. रोज सकाळी गळ्यात क्लासचं कार्ड अडकवून स्कूटीवर जायची, संध्याकाळी यायची. जेवताना मी विचारायचो, "टेस्ट?" ती म्हणायची, "झाली." "कशी?" "बरी." दिवाळीपासून आमचं बाप-लेकीचं बोलणं एवढ्यावर आलं होतं. पूर्वी ही पोरगी जेवताना इतकी बडबड करायची की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. आता टीव्ही बंद असला तरी घरात चिडीचूप. मला वाटायचं, अभ्यासाचा ताण असेल. यंदाही नाही जमलं तर पोरीचं काय होणार, या काळजीवर मला एकच औषध ठाऊक होतं. आणखी चांगली बॅच.

म्हणून एका गुरुवारी मी गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला निघालो. टाकी बघायची पाळी माझी नव्हती, पण जबाबदार माणूस पाळी बघत नाही. तिसऱ्या मजल्यावर नेमका चपलेचा अंगठा सैल झाला. आतून सरांचा आवाज आला. पेरलेलं बी काही वाटेवर पडलं, ते पाखरांनी खाल्लं. काही खडकाळ जागी पडलं, ते लगेच उगवलं, पण मूळ खोल नव्हतं म्हणून उन्हात करपलं. काही काट्याकुट्यात पडलं, त्याची वाढ खुंटली.

बॉटनी! आणि काय सोपं करून सांगत होते! शिवांगीच्या क्लासात हेच पडद्यावर दाखवतात आणि पोरांना झोप लागते.

पुढच्या गुरुवारी मोहरीचा दाणा झाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पिठात कालवलेलं खमीर आणि त्यानं फुगलेलं सगळं पीठ. म्हणजे मायक्रोबायोलॉजी. मग समुद्रात टाकलेलं जाळं, त्यात सापडलेले सगळ्या तऱ्हेचे मासे आणि काठावर बसून केलेली त्यांची निवड. म्हणजे प्राण्यांचं वर्गीकरण. आमच्या क्लासवाल्यांची अजून पेशी संपली नव्हती आणि या माणसानं गुपचूप निम्मा सिलॅबस उरकला होता. दाराच्या फटीतून दिसायचं, सुरुवातीला सगळे डोळे मिटून शांत बसायचे, काहीतरी पुटपुटायचे. ते मी एकाग्रतेचं तंत्र म्हणून समजून घेतलं. ट्यूशन एरियात त्याची वेगळी फी पडते.

एके दिवशी मी सरांना जिन्यात गाठलं. "सर, गुरुवारी काय असतं म्हणायचं?"

त्यांनी हातातली पिशवी छातीशी धरली. "काही नाही साहेब. आमचं थोडं वाचन असतं. चार जणं बसतो."

"फी काय ठेवली?"

"फी कसली? छे, छे."

"बाहेरच्यांना घेता का?"

सर दचकले. कपाळावर घाम आला. "साहेब, आम्ही कुणाला बोलवत नाही. जबरदस्ती तर बिलकूल नाही. कुणी आपणहून, मनापासून आलं तर गोष्ट वेगळी." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या खात्यात म्हणालात?"

"ऑडिट."

सरांचा चेहरा पडला आणि दार लागलं. आता तुम्हीच सांगा. कुणाला बोलवत नाहीत, फी घेत नाहीत आणि पोरगं मनापासून आलेलं पाहिजे. याला आमच्याकडं सिलेक्शन म्हणतात.

घरी गोदावरीला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, असतील कुणी भजनाचे."

"भजनाला मोहरीचा दाणा लागतो का?"

"फोडणीला लागतो," ती म्हणाली आणि आत गेली. जाताना म्हणाली, "शिवूला विचारा ना आधी, तिला काय पाहिजे ते."

"तिला काय विचारायचं? ती म्हणेल बरी."

मी तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं, कारण आमच्या घरात शेवटचा शब्द माझा होणं ही नेहमीची गोष्ट नाही.

मन मोकळं करावं म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या मडिवाळप्पांकडं गेलो. अप्पा मूळचे निलंग्याकडचे, मार्केट यार्डात आडत, सोयाबीनचा दाणा दातानं फोडून भाव सांगणारा माणूस. मी म्हणालो, "अप्पा, तुमच्यापाशीच ठेवा."

"अय्यय्यो, मी कुणाला सांगून राहिलो?" अप्पा म्हणाले आणि सगळं ऐकून त्यांनी डोळे बारीक केले. "शेषेराव, ह्यो साधा माणूस न्हाई. राजस्थानातल्या कोट्यावरनं आलेला मोठा सर असतोय असला."

"किनवटहून आलेत ते."

"मंग? कोट्यावरनं किनवट, किनवटवरनं लातूर. कुणाला माग लागू नये म्हणून."

मला हे पटलं, ही माझ्या बुद्धीची त्या काळातली अवस्था होती. अप्पांनी गोष्ट स्वतःपाशी ठेवली ती संध्याकाळच्या चहापर्यंत. जिन्यात चौथ्या मजल्यावरच्या अंबिकाबाई भेटल्या. त्यांचा सर्वेश अकरावीला. म्हणाल्या, "भाऊ, तिसऱ्या मजल्यावर काय हाय म्हणे?"

"मला काय ठाऊक?"

"मलाबी न्हाई बगा," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गरम धपाटे आणि दह्याची वाटी घेऊन सरांच्या दारात उभ्या. मी त्यांना तिथं रंगेहाथ पकडलं. माझ्या हातात शेंगदाण्याची चटणी होती, पण तो मुद्दा नाही. मागून अप्पांकडची तुरीची डाळ वर चढत होती. सर दारात उभे राहून म्हणाले, "अहो, माझा वाढदिवस नाही आज."

"शेजारधर्म हाय सर," अंबिकाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्यावरून आत फळ्यावर काय लिहिलंय ते वाचायला लागल्या. सरांनी धपाट्याचा वास घेतला, डब्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. दार लावल्यावर ते बराच वेळ आतली कडी सारखी करत असल्याचा आवाज येत होता. दुपारी तेच धपाटे मी वॉचमनच्या हातात बघितले. म्हणजे सरांना आमचा भरवसा नव्हता. ही बातमी मी अंबिकाबाईंना लगोलग पोचवली.

इथपर्यंत सगळं घरगुती होतं. पण मी सरकारी माणूस. म्हटलं, रीतसर माहिती काढू. माणूस कोण, मागचा निकाल काय, परवानगी आहे का. ज्या कार्यालयात हे बघतात तिथं गेलो. टेबलावरचा माणूस म्हणाला, "चौकशी असा प्रकार आमच्याकडं न्हाई. तक्रार हाय."

"पण मला तक्रार करायची नाही."

"मग माहिती कशी निघंल? तुम्ही तक्रार करा. तक्रारीवर तपास होईल. तपासात माहिती निघंल. ती तुम्हाला कळवू."

या युक्तिवादात मला एकही छिद्र सापडेना, आणि छिद्रं काढून माझं पोट भरतं. मी सही केली. फक्त म्हणालो, "नाव गुप्त ठेवा."

"एकदम गुप्त," तो म्हणाला आणि पलीकडच्या टेबलाला ओरडला, "ए, हे शेषेराव, सहकार खात्यातले, ह्यांचं नाव गुप्त ठेवायचंय रे!"

तपास आला तो हातात मोजायचा टेप घेऊन. पार्किंगमध्ये उभं राहून इन्स्पेक्टर साहेबांनी आवाज दिला, "तक्रारदार शेषेराव कोण?" सगळ्या गॅलऱ्या भरल्या. एवढी बेइज्जती माझी लग्नात बूट चोरीला गेले तेव्हाही झाली नव्हती. मी खाली मान घालून त्यांच्यासोबत जिना चढलो, आणि आमच्यामागं, काही संबंध नसताना, अप्पा आणि अंबिकाबाई.

सरांनी दार उघडलं. साहेबांनी विचारायला सुरुवात केली. "पोरं किती बसतात? आग विझवायचं सिलिंडर कुठं? दुसरा जिना?"

"साहेब, हा क्लास नाही हो. आमचं वाचन असतं."

"सगळे असंच म्हणतात. मागं एकजण म्हणाला, हे माझे भाचे हायेत. एकशेवीस भाचे!"

सरांचं तोंड पांढरं पडलं होतं. ते साहेबांशी बोलत होते, पण बघत होते माझ्याकडं. "शेषेराव साहेब, तुम्हाला आमचा त्रास झाला का? आवाज येतो का खाली? तसं असेल तर मला सांगायचं होतं. मी आधीच्या जागी असताना असंच एकदा..." एवढं बोलून ते थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस कशाला तरी भ्यायला होता, आणि ते भय आज मी त्याच्या दारात आणून उभं केलं होतं.

"माझी काही तक्रार नाही," मी म्हणालो. "मी मागं घेतो."

"मागं घ्यायला वेगळा अर्ज लागतो," साहेब म्हणाले. मग त्यांनी टेप गुंडाळला, सरांना खिडकीकडं नेलं आणि आवाज उतरवून विचारलं, "सर, आमचं धाकटं अकरावीला हाय. एखादी जागा असली तर बगा ना."

सर मटकन खुर्चीत बसले. त्यांनी साहेबांकडं पाहिलं, माझ्याकडं, अंबिकाबाईंच्या हातातल्या नव्या डब्याकडं. "तुमचं सगळ्यांचं काय चाललंय मला कळत नाही," ते म्हणाले. "पण आमच्याकडं लपवण्यासारखं काही नाही. गुरुवारी या सगळे. बसा, ऐका, डोळ्यांनी बघा, आणि मग मला मोकळं करा."

"पोरांना आणायचं?" अंबिकाबाईंनी लगेच विचारलं.

"आणा," सर हताशपणे म्हणाले.

गुरुवारी सकाळी मी शिवांगीला सांगितलं, "आज क्लासातनं लवकर ये. एका लई खास बॅचमध्ये तुझं काम केलंय." तिनं आईकडं पाहिलं. आईनं ताटाकडं पाहिलं. मला वाटलं, दोघी भारावल्या.

संध्याकाळी जाऊन बघतो तर अंबिकाबाईंनी दुपारीच सर्वेशची पाण्याची बाटली पहिल्या सतरंजीवर ठेवून जागा धरलेली. इन्स्पेक्टर साहेब साध्या कपड्यात, धाकट्याला घेऊन. अप्पा सहावीतल्या नातवासाठी अंदाज घ्यायला आलेले, "फाउंडेशन आतापासनंच पक्कं पाहिजे" म्हणून. गुरुवारची नेहमीची मंडळी बिचारी भिंतीला चिकटून, काळी पुस्तकं मांडीवर घेऊन आमच्याकडं बघत होती. गोदावरी दाराशी बसली. शिवांगी माझ्या शेजारी.

सगळ्यांनी डोळे मिटले. अंबिकाबाईंनी सर्वेशला कोपर मारलं, "घट्ट मीट." मग सरांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "आज प्रभू येशूनं सांगितलेला दोन मुलांचा दाखला वाचू."

मी शेजारच्या माणसाच्या पुस्तकाकडं वाकून पाहिलं. झिजलेली सोनेरी अक्षरं होती, 'पवित्र शास्त्र'. बी, मोहरी, खमीर, मासे, माझा अख्खा सिलॅबस डोळ्यांदेखत कोसळला.

अप्पा कानाशी आले. "शेषेराव, हे तर येशूचं हाय."

"दिसतंय."

"मंग उठायचं का?"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांना कळलं होतं. पण उठत कुणीच नव्हतं. अंबिकाबाई साहेबांकडं बघत होत्या, साहेब अप्पांकडं, अप्पा माझ्याकडं. आपण उठलो आणि मागं राहिलेल्यांना काही जास्तीचं मिळालं तर? लातूरचा पालक भर वर्गातून पहिला कधीच उठत नाही. साहेबांच्या धाकट्यानं तर वही काढून विचारलं, "हा कितवा चॅप्टर?"

"एकविसावा," भिंतीजवळच्या एका बाईंनी अदबीनं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं.

दाखला लहानसा होता. एका माणसाला दोन मुलं. पहिल्याला बाप म्हणाला, पोरा, आज द्राक्षमळ्यात कामाला जा. तो म्हणाला, मी नाही जात. नंतर त्याला वाईट वाटलं आणि तो गेला. दुसऱ्याला बापानं तेच सांगितलं. तो म्हणाला, हो बाबा, जातो. आणि गेलाच नाही. "तर या दोघांत बापाचं कुणी ऐकलं?" सरांनी विचारलं.

प्रश्न विचारला म्हटल्यावर आमच्यातला स्पर्धक जागा झाला. अंबिकाबाईंनी हात वर केला. "दुसऱ्यानं. बापाला उलटून बोलला न्हाई. पहिल्याला वळण न्हाई."

"अहो बाई, द्राक्षाचं काम हाय," अप्पा तडकले. "माझ्या मेव्हण्याचा मळा हाय औशाकडं. छाटणीला माणूस लागतो, वळण घेऊन काय चाटायचंय?"

"दोघांकडनं लेखी घ्यायला पाहिजे होतं," साहेब म्हणाले.

मला राहवेना. बायबल असो की काही असो, प्रश्न माझ्या खात्यातला होता. मी उभा राहिलो. "पहिला पोरगा तोंडाचा फाटका, पण काम झालं. दुसरा म्हणजे आमच्या संस्थांचे चेअरमन! तोंडी होकार आणि काम शून्य! बापाच्या डोळ्यांत धूळ टाकतो हा माणूस. अशा पोराला मी घरात उभं करणार नाही!" टाळ्या पडल्या नाहीत, पण पडायला हरकत नव्हती.

सर हसले. पहिल्यांदाच. "आमच्यात शेवटी एक पद्धत आहे. या गोष्टीत आपण कोण, ते ज्याला वाटेल त्यानं सांगायचं. बळजबरी नाही."

भिंतीजवळच्या बाई म्हणाल्या, "मी पहिला." एक तरुण म्हणाला, "मी कधी हा, कधी तो." अप्पा म्हणाले, "मी मळा. घरातले सगळे मलाच राबवून राहिले." मी म्हणालो, "मी बाप. दुसरं कोण असणार?"

मग शिवांगी. ती सतरंजीची दशी ओढत होती. "मी दुसरा," ती म्हणाली.

"अगं, तू कशाला..."

"दुसराच, पप्पा. मी हाव म्हणते आणि जात न्हाई."

"कुठं जात न्हाईस?"

"क्लासला. दिवाळीपासून."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काहीतरी गडबड झाली. "रोज कार्ड घालून जातेस की!"

"जाते. एसटी स्टँडवर बसते. अहमदपूरच्या गाड्या लागतात तिथं." ती आता थांबत नव्हती. "दर टेस्टला मार्कांवर बॅच बदलायची पप्पा. खाली, आणखी खाली. सगळे विचारायचे कितवी आलीस. स्टँडवर कुणी मार्क विचारत न्हाईत. गाडी कवा हाय, एवढंच विचारतात."

"आणि क्लासवाल्यांनी फोन कसा केला न्हाई?" मी ओरडलो.

"केला ना," दाराशी बसलेली गोदावरी म्हणाली. "मला केला. तुम्ही तुमचा नंबर कुणाला देता कुठं?"

"तुला ठाऊक होतं!"

"डबा मीच भरत होते. क्लासला जायची तेव्हा डबा भरल्याचा भरलेला परत यायचा. आता रिकामा यायला लागला." तिनं पदरानं डोळे टिपले. "सांगणार होते मी. पण तुम्ही रोज नवीन बॅच घेऊन घरात येत होतात."

मला काय झालं ते मी सांगतो. आधी लाज वाटली, मग भीती वाटली, आणि या दोन्ही गोष्टी मला झेपत नसल्यामुळं मी चिडलो. तेवढ्यात अंबिकाबाई पुढं सरकल्या. "भाऊ, वेळ बरी न्हाई, कळतंय मला. पण तिची क्लासातली सीट मंग मोकळीच हाय म्हणा की?"

"मोकळी न्हाई!" मी एवढ्यानं ओरडलो की साहेबांच्या धाकट्याचं पेन पडलं. "उद्या सकाळी मी स्वतः तिला नेऊन तिथं बसवणार हाय! नीट द्यायची म्हणजे द्यायची! हे थेर माझ्या घरात चालणार न्हाईत!"

सरांनी शिवांगीला पाण्याचा ग्लास दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "हाव पप्पा."

सकाळी ती तयार होती. गळ्यात कार्ड, पाठीला बॅग, हातात डबा. गोदावरीनं मला चहा दिला तो टेबलावर आपटून दिला. मी स्कूटर काढली. शिवांगी मागं बसली, खांद्यावर हात न ठेवता, मागचा लोखंडी दांडा धरून.

सिग्नलला थांबलो. उजवीकडं ट्यूशन एरिया. पोरंच पोरं चालली होती, आणि वर फ्लेक्सवर पहिले आलेले हसत होते. माझा इंडिकेटर टिकटिकत होता. राग अजून गेला नव्हता, खोटं कशाला बोलू. पण रात्रभर माझ्या डोक्यात तो रिकामा डबा फिरत होता. माझी पोरगी जिथं पोटभर जेवते ती जागा मी बघितलेली नव्हती.

हिरवा लागला. मी सरळ गेलो.

"पप्पा, उजवीकडं होतं," ती म्हणाली.

"ठाऊक हाय मला," मी खेकसलो.

स्टँडवर स्कूटर लावली. "कुठं बसतेस?" म्हणालो. तिनं बोटानं बाक दाखवला आणि जरा वेळानं जाऊन बसली. मी तिच्यापुढं उभा राहिलो. टेस्ट सोडून तिला काय विचारतात, याची मला सवयच राहिली नव्हती. बाकावर एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. तिनं शिवांगीला विचारलं, "लोह्याची गाडी लागली का गं माय?"

"यायची हाय अजून आजी. आली की सांगते तुम्हाला."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. "आन् तुमाला कुठं जायचं बाबा?"

शिवांगी माझ्याकडं बघायला लागली. दिवाळीपासून पहिल्यांदा नीट बघत होती.

"अजून ठरलं न्हाई," मी म्हणालो.

"मंग उभे कामून ऱ्हायले? बसा की," म्हातारी म्हणाली आणि तिनं गाठोडं पलीकडं सरकवलं, आणि मी माझ्या लेकीशेजारी बसलो.